अपूर्णांकांचे रस्ते

आमच्या गावात रस्त्यांना नावं नव्हती,
अपूर्णांक होते.
तीन छेद अकरा. पाच छेद दोन.
अप्पा म्हणायचे, सरकारनं गणिताची वही उघडली
आणि रबराच्या मळ्यावर पालथी घातली.

आजोबांनी तीच झाडं चिरून चीक गोळा केला होता.
अप्पा त्याच मातीवरून
खाकी अर्ध्या चड्डीत टपालाची सायकल हाणत.
झाडं गेली तरी बिया मागे राहिल्या होत्या,
दुपारी कुंपणापलीकडे टक्कन फुटायच्या.
आम्ही त्या सिमेंटवर घासून तापवायचो
आणि सिऊ लानच्या दंडाला चटका द्यायचो.
ती कँटोनीजमधून किंचाळायची,
आम्ही तमिळमधून पळायचो,
आणि मकचिक रोकिया खिडकीतून
सगळ्यांना मिळून मलयमध्ये शिव्या हासडायची.

कागदोपत्री आम्ही उपग्रह-नगर.
क्वालालंपूर सात मैलांवर.
नोकरी तिकडे, सिनेमा तिकडे, इस्पितळ तिकडे,
लग्नाला घालण्याजोगे बूटसुद्धा तिकडेच.
आमच्याकडे काय,
तर बिस्किटांच्या कारखान्याचा वास.
वाऱ्याची दिशा त्यावरून कळायची,
आणि महिनाअखेरीला भूक जरा जास्तच.

मग एकेक होत गेलं.
नेमकं कधी, ते दिसलं नाही,
पोराची उंची घरच्यांना दिसत नाही,
पाहुण्यांना दिसते.
हायवेला तिसरी लेन आली, मग पाचवी.
डोक्यावरून रेल्वे गेली, बिनड्रायव्हरची;
अप्पा पहिल्या दिवशी मुद्दाम पुढच्या काचेशी उभे राहिले,
कुणीतरी बघायला हवं ना, म्हणाले.
कारखान्याच्या जागी मॉल.
मॉलमध्ये बिस्किटांचं दुकान,
वास यंत्रातून सोडलेला.

एका साली शहराचा दर्जा मिळाला.
अप्पांनी पेपर खाली ठेवून विचारलं,
"मग पगार वाढणार का?"
निवृत्त होऊन त्यांना एकवीस वर्षं झाली होती.

परवा कपाट आवरताना दुधाच्या जुन्या डब्यात
एक पत्र सापडलं. न फोडलेलं.
शिक्का हाँगकाँगचा.
पत्ता: तीन छेद अकरा, घर नऊ. सिऊ लानची आई.
अप्पा बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, पावसात सायकल घसरली होती,
पत्र थैलीच्या अस्तरात गेलं.
महिन्यानं सापडलं, तेव्हा लाज वाटली.
लाज वाटत वाटत
अठ्ठेचाळीस वर्षं गेली.

शहाऐंशीव्या वर्षी त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला.

घर नऊच्या जागी चौतीस मजले.
गेटवर नेपाळचा टेकेंद्र,
येऊन चार महिने झालेला.
"कितवा मजला, काका?"
"मजला नाही. पपईचं झाड. त्याच्या डाव्या हाताला."
टेकेंद्रनं माझ्याकडे पाहिलं.
मी गटाराकडे पाहिलं.
गटार तेवढं तेच होतं, तसंच रुंद,
आणि अप्पा त्याच्या काठापासून पावलं मोजत निघाले,
बावीस, तेवीस,
पोहण्याच्या तलावाच्या जाळीशी थांबले.
"इथं. इथं चपला असायच्या."

तलावात एक बाई पोराला तरंगायला शिकवत होती.

सिऊ लान पर्थला असते म्हणे.
तिची आई कुठे असते ते विचारायचं वय
आमचं कुणाचंच राहिलेलं नाही.

"पार्सलं त्या फळीवर ठेवतात," टेकेंद्र हळूच म्हणाला.
पिझ्झा, बुटांचं खोकं, कुत्र्याचं खाणं,
त्यांच्या मधे अप्पांनी पत्र उभं केलं.
मग खिशातून कागद काढला:
"सही लागते. पोचल्याची."

टेकेंद्रनं सही केली,
सावकाश, त्याच्या गावाकडच्या अक्षरात.
वर एक सरळ रेघ
आणि तिला टांगलेली अक्षरं,
दोरीवर वाळत घातल्यासारखी.

रेल्वेत बसल्यावर अप्पांनी कागद माझ्या हातात दिला.
"नीट वाचता येतेय ना?"
मी तो सरळ धरला, मग उलटा.
खाली पाच लेनचा हायवे तुंबलेला,
आणि आता सगळ्या गाड्यांची तोंडं
आमच्या गावाकडे.
"येतेय, अप्पा," मी म्हटलं.