मेकरेडी

फ्रिजशेजारच्या भिंतीवर, कॅलेंडर होतं तिथे,
शर्वाणीने बोर्ड लावलाय.
टाचण्या, मंगलदास मार्केटातली बोटभर कापडं,
निलगिरीचं वाळकं पान,
कुठल्यातरी परक्या नवरीची पाठ. चेहरा नाही.
वर पेन्सिलने एकच शब्द: मूड.
आठ दिवस झाले,
दूध काढताना त्या पाठीला मी विनाकारण बघतो.

"बाबा, हा रंग कुठला वाटतो तुला?"
चष्मा कपाळावर ढकलतो. सवय.
एकतीस वर्षं लोअर परळच्या गाळ्यात शाई कालवली,
भिंगाखाली ठिपके मोजले.
म्हणतो, पिवळा वीस टक्के, गुलाबी आठ,
काळ्याचा नुसता वास.
"ह्याला ओट म्हणतात."
बरं. ओट.

हळदीचं मस्टर्ड झालंय, आमसुलाचं वाइन.
शेवाळाला काय म्हणाली ते दोनदा विचारलं, दोनदा विसरलो.
मेल्विनच्या आईचा वसईहून एवढाच निरोप:
पांढरा कुठेतरी असू दे.
असेलच की. पांढरा म्हणजे कागद,
तो छापावा लागत नाही.
कुंकू मात्र बोर्डावर कोणी घेतलेलं नाही.
"ते फोटोत फुटतं, बाबा."
खरं आहे. लाल फुटतोच.
किती पत्रिकांवरचे गणपती
अर्धा चमचा पांढरं घालून वाचवलेत मी.

रविवारी अंधेरीहून सजावटवाली आली, तनाया.
मुलुंडच्या हॉलचे खांब झाकायचे म्हणाली.
मग माझ्याकडे वळून,
"अंकल, घरात काही जुनं आहे? टेक्स्चर हवंय."

माळ्यावरून गुंडाळी काढली.
मशीन सुरू करताना पहिले शंभरेक ताव वाया जातात.
रंगावर रंग बसत नाही,
अक्षरामागे अक्षराची सावली उभी राहते.
ते ताव फेकत नाहीत. पुढच्या कामाला तेच लावतात,
त्याच्या पुढच्यालाही.
एकेका कागदावर आठ-नऊ लग्नं.
'आमच्या येथे श्रीकृपेकरून'च्या उरावर
'आमच्या येथे श्रीकृपेकरून',
एका चि. सौ. कां.च्या पोटातून दुसरीचं आडनाव,
सकाळी दहा बेचाळीसच्या मुहूर्तावर गोरज,
गिरगावचं कार्यालय थेट विरारच्या मैदानात,
कोणाचे 'आपले नम्र' कोणाच्या मामाच्या डोक्यावर
आणि 'आहेर आणू नये' तीनदा,
म्हणजे बहुतेक आणाच.

असे चौदा ताव का ठेवले, ठाऊक नाही.
हिची आई म्हणायची,
वाळवीसाठी स्थळ बघून ठेवलंय ह्यांनी.

तनाया फोटो काढत सुटली.
शर्वाणी गप्प. मग तिने ती परकी पाठ उतरवली,
ताव तळहाताने सपाट केला, चार टाचण्या लावल्या,
बोट फिरवत वाचू लागली.
"सुलक्षणा खोपकर कोण?"

ही आठवते.
पाचशे पत्रिका छापून, घडी घालून तयार,
न्यायला कोणी आलं नाही.
शेठनी महिनाभर गठ्ठा ठेवला,
मग दोरी सोडली.
पाठकोऱ्या बाजूंवर वर्षभर आम्ही लिहीत राहिलो
उधारी, ओव्हरटाइम, चहा.
"पुढे काय झालं तिचं?"
मला काय माहीत? मी फक्त नाव छापलं.
तेही जरा फुटलेलं.

रात्री पाणी प्यायला उठलो.
फ्रिजच्या उजेडात बोर्ड अर्धाच दिसतो.
सुलक्षणाच्या नावाला लागून
नखाएवढं कापड टाचलेलं, नवीन.
भिंग ड्रॉवरमध्ये असायला हवं होतं, नव्हतं.
तसाच वाकून बघत राहिलो
किती गुलाबी, किती पिवळा,
तेवढ्यात दार उघडं राहिलं म्हणून फ्रिज
टुंटुं करायला लागला.