रकाना

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आमची सूचना तीन आठवडे होती.
‘सदर जलनमुन्यातील जैवरासायनिक प्राणवायू मागणी
विहित मर्यादेपेक्षा अधिक आढळून आल्याने
संबंधितांनी नोंद घ्यावी.’
खाली गोल शिक्का, शिक्क्याखाली माझी सही.
चार वेळा तपासली होती मी. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर.

खारवीवाडीत, जेटीच्या उतारावर, सभेला बावीस माणसं.
प्रोजेक्टर लावला आणि वीज गेली.
कोणीतरी हसलं. मग मीही.

पहिली बोलली शेवंती जुवेकर,
चिखलातले मुळे वेचून नखं झिजलेली.
“बाय, त्या कागदावं मागणी लिवलंय.
कुनाची मागणी?
आमची दोन वर्सांची हाय, ती न्हाय लिवलेली.”

सोळा वर्षं हा शब्द मी लिहीत आले
आणि कधी वाचला नव्हता.
म्हणाले, घाणीची मागणी.
नाल्यातून जे येतं ते कुजताना पाण्यातला श्वास मागतं,
मागेल तेवढा घेतं.
माशांना उरलासुरला.

मग पेटी उघडली. दोन बाटल्या:
एकीत खाडीच्या मुखाचं पाणी, एकीत नाल्याखालचं.
थेंब सोडले, बुचं लावली, उलटीपालटी केली.
पहिलीत तपकिरी ढग उठला, चहाच्या गाळासारखा.
दुसरीत पांढरा, तांदळाच्या धुवणासारखा.
बायकांना बरं वाटलं.
“पांढरा म्हंजे चांगला ना?”

नाही.
तपकिरी म्हणजे श्वास आहे.
पांढरा म्हणजे संपलाय.

बाटली हातोहात फिरली,
बारशाच्या पोराला घ्यावं तशी, जपून.
शेवंतीबाईंनी उन्हात धरली, हलवली, परत दिली.
“कुर्ल्या रातच्या तिवरांवर चडल्या
का आमी समजतो, सकाळी मासं मरनार.
तुमच्या बाटलीला आज समजला.”
आणि लगेच:
“आता मुळं खायचं का न्हाय, ता सांगा.”

या प्रश्नाचं उत्तर फायलीत तयार होतं:
अहवाल प्रलंबित, बाब अन्य विभागाच्या कक्षेत.
तोंडाशी आलेलं ते.
गिळलं.
मला माहीत नाही, म्हटलं.
मुळ्यांचा निकाल बुधवारी येईल.
तोवर पोरांना देऊ नका.
काहीही आलं तरी सांगायला मीच येईन.

‘माहीत नाही’ला टाळ्या पडत नाहीत.
पण मागे उभे होते ते दोघे खाली बसले.

त्यातले एक हुसेन सोलकर.
“मॅडम, तुमची जीप अकराला येते.
गेल्या तीन खेपा पुनवेच्या आगेमागे आलात.
पुनवेला अकरा म्हणजे भरती, काठोकाठ.
तेव्हा बाटली भरलीत तर
आत समुद्र जातो. खाडी राहते इथंच.
अष्टमीला या. भांगाचे दिवस.
तुमची अकराचीच वेळ, पण पाणी सुकतीला लागलेलं.
मग बघा तुमचा पांढरा किती पांढरा.”

मी प्रपत्र काढलं.
दिनांक, वेळ, तापमान, रंग, वास, हवामान,
नमुना घेणाऱ्याचे नाव व हुद्दा.
हवामानाला जागा होती.
चंद्राला नव्हती.
पट्टी जवळ नव्हती, पावतीपुस्तकाच्या कडेने
एक रेघ ओढली, एक रकाना वाढवला.
वाकडा आला.
वरती लिहिलं: भरती / सुकती.
मागच्या तिन्ही नमुन्यांपुढे हुसेनमियांना विचारून भरलं:
भरती. भरती. भरती.
माझी तीन वर्षांची मर्यादेतली खाडी
त्या तीन शब्दांत बुडाली.

साहेब म्हणतील, हे विहित नमुन्यात नाही.
म्हणू देत.

ऑफिसात कॅलेंडर पाहिलं. अष्टमी मंगळवारी.
लागोपाठ दोन दिवसांसाठी
वाहनाचं मागणीपत्र भरलं.
‘प्रयोजन’पुढे बुधवारसाठी लिहिलं: निकाल सांगणे.
मंगळवारसाठी: सुकती.