तुटक रेघ

बुटांच्या पेटीत मावतो तो, अख्खा.
मुस्कटाची पुढची दोन हाडं,
खालच्या जबड्याचा एक तुकडा, दात दीड,
आणि ही कड.
नाकपुडीच्या मागून वर उठू लागलेली,
कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ.
उठते, उठते,
आणि मोडते.

बाकीचा तो ड्राकेन्सबर्गच्या उतारावर असेल,
लेफाच्या मेंढ्यांच्या वाटेखाली.
किंवा ओढ्याने नेलाही असेल, केव्हाच.
लेफा सांगतो, दगड उचलला तो बोकडाला मारायला.
दगडाला दात होते.
म्हणून बोकड वाचला.

नऊ महिने हवेच्या सुईने
मी त्याच्यावरचा तांबडा खडक दाणा दाणा उडवतेय.
सुईची भुणभुण कानातून जात नाही,
जेवताना घास चावला की त्यातही येते.
साहेबांना सगळं ठाऊक आहे:
मांस खायचा, सहा मीटर लांब, वीस कोटी वर्षं.
फक्त तुऱ्याचं विचारलं की चष्मा पुसायला घेतात.

काल केपटाउनहून चित्रकार आला, रेनियर.
तुरा केवढा काढू?
एक, की दोन शेजारी शेजारी?
कोंबड्यासारखा लाल चालेल?
साहेब म्हणाले, बुलेल्वाला विचार,
तिची बोटं फिरलीत त्यावरून.
मी म्हटलं, उद्या सांगते.

घरी बाबांचा एकच फोटो आहे.
वेल्कोमच्या खाणीवर निघाले तेव्हाचा, बसपाशी.
काढणाऱ्याने भुवयांच्या वर कापलाय.
कपाळ नाही, कपाळावर काय होतं ते नाही.
आई म्हणते टोपी होती, लोकरीची, लाल, मी विणलेली.
आत्या म्हणते डोकं उघडं होतं,
लोकर त्याला खाजायची.
तेवीस वर्षं दोघी यावरून भांडतायत.
खाणीने परत काय पाठवलं, यावर मात्र
दोघींचं एकमत:
कमरेचा पट्टा, डब्याचं झाकण,
नंबर कोरलेला पितळी बिल्ला.
मी दोन वर्षांची होते.
माझा बाप हनुवटीपासून भुवईपर्यंत.

रात्री फोन केला.
आई, टोपी कुठल्या रंगाची होती?
"हिरवी."
मागच्या वेळी लाल म्हणालीस.
बराच वेळ फोनमधून नुसता गावाकडचा वारा,
कुणाचं तरी कुत्रं.
मग म्हणाली,
"लाल लोकर पुरली नाही गं.
वरचं टोक हिरवं केलं.
तुझ्या आत्याला सांगू नकोस, हसेल."

सकाळी रेनियरला म्हटलं,
हाड आहे तिथवर ठळक काढ.
पुढे तुटक रेघ. नियम तसाच आहे.
"पण किती उंच?"

त्याच्या हातातली पेन्सिल घेतली.
हाडाच्या मोडल्या कडेपासून
एक टिंब, एक फट, एक टिंब,
साहेब मागे उभे होते, काही बोलले नाहीत,
आणि हात माझा
जायला हवा होता त्याहून
बोटभर वरच गेला.