नववा खंड

पंख मिटून बसली तर टाचणी,
पसरून बसला तर चतुर.
एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरण्या पुसून
एवढं मला पाठ झालं होतं.
बाकी नेरकर सर सांगायचे,
मी लेबलावर उतरवायचो.
अक्षर चांगलं, म्हणून.

आज पांझरेच्या पाटावर, पिंपळनेरच्या खाली,
फडाचं पाणी जिथे बारीतून उतरतं
आणि पाटकरी फावडं टाकून बिडी पेटवतो,
तिथे हेमांगी बेडसे गुडघाभर पाण्यात उभी.
जाळीतून तिने ती अलगद काढली,
चारही पंख पाठीवर जुळवून, चिमटीत,
ओलं पोस्टाचं तिकीट धरावं तशी.

लिहा काका, म्हणाली.
चेहरा नारिंगी. (पिकल्या पपईसारखा, हे माझं.)
डोळे वरून हिरवट, खालून चेहऱ्याच्याच रंगाचे.
छाती पाठीकडून शेवाळी, तिच्यावर
केसाएवढ्या काळ्या रेघा. बगला निळ्या.
पोट दहा खंडांचं, वरून काळं,
आठवा आणि नववा खंड निळा.

निळा?
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय माझा,
दिवाळीनंतर, धुळ्याला.
डावा अजून तसाच, पिकलेला.
उजवा मिटला तर नववा खंड मळकट,
पाण्यात राहिलेल्या तांब्याच्या पैशासारखा.
डावा मिटला तर निळा, आणि असला निळा
की शाळेतली दौत आठवली,
पाणी घालून वाढवायच्या आधीची.
एका किड्याच्या दोन जाती
माझ्या एकट्याच्या नाकाच्या दोन बाजूंना.

हेमांगी हसली. रंगावर जाऊ नका, काका.
कोवळी असली की फिकी,
मादी असली की मातकट,
डब्यात टोचली की सगळ्याच तपकिरी.
शेपटाचं टोक बघा.
तिने गळ्यातलं भिंग काढून दिलं.

भिंगात दहाव्या खंडाच्या पुढे दोन काळे आकडे,
टोकाला दुभंगलेले, त्यांच्याखाली दोन आखूड बोटं.
मादीची मान धरायला, ती म्हणाली,
दुसऱ्या जातीच्या मानेवर हे नीट बसतच नाहीत.

तेव्हा चार नंबरचं कपाट आठवलं.
डांबरगोळ्यांचा वास, थर्माकोलवर अकरा टाचण्या,
अकरांनाही माझ्या अक्षरातलं एकच लेबल:
निळी टाचणी, नर, पांझरा.
जूनमध्ये हिने तो डबा सूक्ष्मदर्शकाखाली घेतला.
सात त्याच. चार भलत्याच कुणी.
चार नर इतकी वर्षं परक्या नावाने,
माझ्या वळणदार अक्षराखाली, गप.
नेरकर सर गेले. सांगायचं कुणाला?

शाळेच्या दाखल्यावर माझीही खूण होती:
हनुवटीवर वण.
आधी दाढीखाली गेला, मग सुरकुत्यांत.

पाटाच्या कडेने गवताचा भारा घेऊन एक म्हातारी आली.
टाचणीकडे तिने बघितलंच नाही.
मला बारीपाशी पाय टाकताना पाहिलं, थांबली.
"दगा पाटकरीना पोऱ्या शे ना तू?
त्यान्हागतच चालस."
चाळीस वर्षांत या बांधावर आलो नव्हतो.
हो म्हणालो. ती भारा सावरून निघून गेली.

हेमांगीने चिमटी सोडली.
ती लगेच उडाली नाही,
तिच्या अंगठ्याच्या नखावर बसली,
पंख मिटून, शिस्तीत,
मग लव्हाळ्यात शिरली.

जातीचा रकाना आत्ता रिकामा ठेवा, म्हणाली,
आणि पेन नको, शिसपेन.
मी खोडरबर शोधू लागलो खिशात,
डावा डोळा मिटून, लव्हाळ्याकडे बघत.
पाटकऱ्याने बिडी विझवली
आणि पाणी पुढच्या फडात वळवलं.