उजवा कान

माझं काम ऐकून टाइप करायचं.
साक्षीदार खोकला तर लिहायचं नसतं,
रडला, तर साहेब सांगतील तेव्हाच.
सिव्हिल लाइन्स, तिसरा मजला, पंख्याखालची खुर्ची.
चार हातांवर कठडा. कठड्यामागे
तीन वर्षं, दर तारखेला,
माजी मंत्री, विणकर बँकेचे माजी अध्यक्ष,
इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत,
एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभे.
एकदा त्यांना खुर्ची द्यायचा हुकूम झाला.
तोही मी टाइप केला.

बाबा म्हणतात, थो साहेब नोहेच.
"साहेब कधी मान खाली घालन का?
साहेबाले त्यायनं कवाच गायब केलं.
हा भोपाळच्या नाटक कंपनीतला हाय, रोजावर.
साहेबाच्या उजव्या कानापाशी तीळ होता,
मसुराएवढा. पाह्य तू. नसन."

तो तीळ बाबांनी पंच्याऐंशी साली पाहिला,
गोळीबार चौकात.
जीपमधून वाकून साहेब त्यांच्या कानात म्हणाले होते,
ढकाते, माग बंद पडू द्यायचा नाही.
माग भंगारात गेला, किलोच्या भावानं.
आलेले पैसे बाबांनी साहेबांच्याच बँकेत ठेवले.
त्यातून आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं.
बँकेला कुलूप लागलं,
डोळा राहून गेला,
आणि बाबा म्हणाले, कुलूप लावणारे कोन हाय
थे मले मालूम हाय.
डॉक्टरबी त्यायचाच मानूस.

त्या रात्री मी ताटावरून उठले.
काय बोलले ते सगळं आठवतं,
वाचून दाखवायला कुणी सांगू नये.

देवानंदच्या लग्नपत्रिकेत माझं नाव नव्हतं.
छापणारा विसरला, आई म्हणाली.
बाबांनी ती पत्रिका तीनदा तपासली होती
भिंग घेऊन.
आता आई गुरुवारी इतवारीच्या थांब्यावर येते,
सांबारवडीचा डबा देते,
माझ्या हाताच्या जरा बाजूला.
मी हात सरकवते.

निकाल दोनशे बारा पानांचा.
शेवटी परिशिष्ट अ, बुडालेल्या ठेवीदारांची यादी.
एक हजार नऊशे सातवर
वामन गोविंदा ढकाते, एक लाख चाळीस हजार.
बोटं थांबली नाहीत, खोटं कशाला बोलू.
फक्त ढकातेचं ढाकते झालं.
मागे जाऊन दुरुस्त केलं.
दहा दिवस पोटात ठेवलं सगळं,
कँटीनमध्ये तर्री-पोह्यांवर मान खाली घालून बसले.

सात वर्षं सक्तमजुरी.
फाटकाशी कुणी फटाके लावले, कुणी छाती बडवली,
आणि एक म्हातारी ठेवीची पावती उंच धरून
दोघांनाही विचारत होती, पैसे कोन्या खिडकीवर भेटन?

रात्री फोन. दोन वर्षं दोन महिन्यांनी बाबा.
जेवलीस का, नाही. कशी आहेस, नाही.
"तीळ होता?"
"होता, बाबा."
"कोन्या कानापाशी?"
मी डोळे मिटले. ते माझ्यासमोर उभे असत,
तोंड माझ्याकडे, खिडकी माझ्या उजवीकडे,
म्हणजे तीळ खिडकीच्या बाजूला, म्हणजे त्यांच्या...
"पाह्य," बाबा म्हणाले,
लहानपणी गणित चुकल्यावर म्हणायचे तसे,
न रागावता.
"तुलेबी पक्कं मालूम नाही."

फोन मात्र ठेवला नाही.
मागे टीव्ही चालू होता, कुणीतरी ओरडत होतं.
त्यांनी आवाज कमी केला.
"आन् थ्या डुप्लिकेटले," ते म्हणाले,
"जेलात खुर्ची देतेत का वं?
गुडघ्यात पानी हाय त्याच्या."