बुळबुळ

निमाणीवरून साडेसहाची एसटी, उतरायचं पालखेडला.
पिशवीत सहा बाटल्या, आयोडीनची कुपी
आणि टूथब्रश. दगडांसाठी.
कंडक्टर विचारतो,
ताई, घासले का नदीचे दात?

गुडघाभर पाण्यात कादवेचा एक दगड उचलायचा,
उन्हाकडे पाठ असलेला,
त्या पाठीवर पाच सेंटिमीटरचा चौकोन आखायचा
आणि तेवढाच घासायचा.
निघतं ते तपकिरी, चहात विरघळलेल्या बिस्किटासारखं.
लोक त्याला बुळबुळ म्हणतात
आणि पाऊल जपून टाकतात.

चारशेपट भिंगाखाली मात्र
काचेच्या होड्या, काचेच्या फण्या,
झाकण लावलेले कुंकवाचे करंडे,
कडेला नक्षी, जणू कुणी सुईने बसून काढलेली,
आणि मधल्या फटींतून जीवाणूंचा चिकट गिलावा.
एकाच्या उष्ट्यावर दुसऱ्याचं पोट,
दुसऱ्याच्या श्वासावर तिसऱ्याचा दिवस.

चारशे मोजायचे. नियम आहे.
पहिल्या वर्षी चारशे होईतो
एकोणचाळीस जाती भेटल्या, नावं लिहून बोटं दुखली.
यंदा जानेवारीत भेटल्या अकरा,
त्यातही तीनशे सव्वीस होड्या एकाच जातीच्या,
बारीक, काटक, मिळेल ते पचवणाऱ्या.
बेरीज तेव्हाही चारशे, आताही चारशे.

पगार मॅडम म्हणाल्या
(हे त्यांचं आडनाव, आमचा पगार तीन महिने आलेला नाही),
कारणाचा रकाना रिकामा ठेव.
पुरावा अजून कच्चा आहे.

रिकाम्या रकान्याच्या पलीकडे द्राक्षबाग आहे,
दोन ओळींच्या मधलं गवत पिवळं पडलेलं,
आणि पुंजाराम गांगुर्डे, पाठीवर बॅटरीचा पंप.
भला माणूस. दरवेळी ओंजळभर मणी देतो.
औषध मारतोय, म्हणतो.
आपल्याकडे औषध मारतातच.
आजारी कोण, ते त्या वाक्यात येत नाही.
मातीला लागलं की त्याचा जोर संपतो, पोरी,
कंपनीचा माणूस सांगून गेलाय,
असं म्हणत तो पंप ओहोळात तीनदा विसळतो,
नीट, घरचं तांब्याभांडं विसळावं तसा.

त्याचा घड हॉलंडला जातो.
प्रत्येक खेपेसोबत कागद असतो,
कशाचा किती अंश, दशांश चिन्हानंतर तीन आकडे.
कादवेला कसला कागद?
ती काही परदेशी जात नाही,
खाली नांदूर मध्यमेश्वरला गोदेला भेटते,
तपासणीवाचून.

धुणं धुणारी ठकूबाई मला पाहून हसते.
सुधारली गं नदी, म्हणते,
बघ कसा तळ दिसतोय.
दोन सालांमागं इथंच आपटले होते,
आता दगड कसे लख्ख, पाय सरकत नाही.
ती मनगट पुढे करते. हाड वाकडंच जुळलंय.
मी म्हणते, हो.
दुसरं काय म्हणणार होते? की मावशी,
तुमचं हाड मोडलं ते जिवंत होतं म्हणून?

नोव्हेंबरात एका दगडाला नेलपॉलिशची खूण केली होती.
घासलेला चौकोन पूर्वी पंधरवड्यात भरून यायचा,
जखमेवर खपली धरावी तसा.
आज खूण सापडली, तांबडी, अजून ताजी.
चौकोन कुठला, दगड कुठला, काही कळेना.
एक गोगलगाय तेवढी फिरत होती त्यावर,
ताट चाटून पुसून झाल्यावरही
ताटावरून न उठणाऱ्या पोरासारखी.

दगड होता तसाच, त्याच कुशीवर ठेवला.
बाटल्यांवर तारीख घातली.
एसटीला अजून वीस मिनिटं होती.

मग चपला काढून हातात घेतल्या
आणि त्या लख्ख दगडांवरून मुद्दाम भराभर चालले,
या काठावरून त्या काठावर, पुन्हा परत.
ठकूबाई ओरडली, अगं सांभाळून.
तीनदा गेले.
एकदाही घसरले नाही.