नुसते ओठ

कुरेसारेच्या शाळेत बाई म्हणाल्या होत्या,
गळा देवानंच द्यावा लागतो, हेल्वे,
तू नुसते ओठ हलव.
एकेचाळीस वर्षं हलवले.
चर्चमध्ये, लग्नांत, आईच्या मयतीलाही.

मासे धुरवायच्या कामानं गळा गेला असेल म्हणून
कच्ची अंडी प्यायले, मध चाटला.
वरचा सूर वर असतो म्हणून
हनुवटी छताकडे.
बेंबीपासून ताणलेली मी,
आणि बाहेर येतो
बिजागरीएवढा आवाज.

ताव्हेत, कोरसचा नवा मास्तर,
वय सव्वीस, पायात रबरी बूट,
म्हणाला, मान खाली घ्या.
सूर काही माळ्यावर ठेवलेला नाही.

मग विचारतो,
धुक्यात नवऱ्याची होडी कशी बोलावता?
मला हसूच आलं.
एऽऽन्नोऽऽ!
त्यानं पियानोची एक पट्टी दाबली.
तोच.
पुन्हा हाक मारली.
पुन्हा तोच, तसूभरही हललेला नाही.

एन्नोला हे सांगितलं नाही अजून.
तो म्हणेल, मला कधीच ऐकू येत होतं.

बाईंच्या कबरीवर दर नाताळात
मेणबत्ती लावते मी.
यंदाही लावली. बर्फ होता, वारा नव्हता.
ओठ घट्ट मिटून
गुणगुणले.